आवड आणि अबकारी

(नभोवाणीवरील भाषण)

अलीकडे शहरातील एखाद्या उपाहारगृहात गेले असता जेवणाच्या यादीबरोबर पेयांची एक निराळी यादी हाती येते. तीत नुसत्या बिअरचेच पाच-सहा प्रकार असतात. कोणी म्हणतो, मला फिकट आणि थंडगार लागर रुचते. कोणी कडसर एलची तरफदारी करतो. कोणाला काळी, दाट स्टाउट हवी असते, तर कोणी गव्हाच्या बिअरवर संतुष्ट असतो. आणि निवड कोणतीही असो, "ही माझी आवड" हे शब्द मात्र प्रत्येक जण मोठ्या ठामपणाने उच्चारतो. मी स्वतः या पेयांचा भोक्ता नाही. परंतु इतिहासाचा नाद असल्यामुळे तो ठामपणा ऐकला म्हणजे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. माणसाच्या जिभेची आवड ही त्याची स्वतःची कितपत असते, आणि त्याच्या मुलखातील झाडांची, बाजाराची व सरकारी कायद्याची कितपत असते? आज या प्रश्नाचा विचार मी माझ्या खानदेशाच्या संदर्भात करणार आहे.

त्याला निमित्तही घरचेच आहे. माझे बालपण जामनेर येथे गेले. सन १९६० च्या आसपासची गोष्ट सांगतो. दारूबंदीचा अंमल त्या वेळी जारी होता. आमच्या शेतावर एक वृद्ध भिल्ल जागल्या होता. आम्ही मुले त्याला बाबा म्हणत असू. शिमगा उलटला की त्याच्या झोपडीमागे एका मडक्यात मोहाची फुले भिजत पडलेली असत. एके दिवशी शिपाई आले, त्यांनी ते मडके फोडले आणि बाबाला पुढे घालून घेऊन गेले. त्याच आठवड्यात वडिलांचे एक स्नेही आमच्याकडे उतरले होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. संध्याकाळी त्यांनी आपल्या पेटीतून बिअरची बाटली बाहेर काढली आणि वडिलांच्या कपाळावरची आठी पाहून हसत हसत खिशातला एक कागद पुढे केला. तो परवाना होता. प्रकृतीच्या कारणास्तव मिळालेला. मी आत जाऊन आजीला विचारले, "बाबाला असा कागद का नाही?" आजी भाकरी थापीत म्हणाली, "त्याची प्रकृती चांगली आहे म्हणून."

आजीच्या त्या उत्तरावर त्या वेळी सारे घर हसले. परंतु एक प्याला सन्मानाचा आणि दुसरा गुन्ह्याचा, हा भेद कोठून आला, हे कोडे मला पुढे पुष्कळ वर्षे पुरले.

जामनेर तालुक्यातून वाहणारी वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते. सन १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस जी लेणी पडली, ती याच नदीच्या वळणावर खोदलेली आहेत. तेथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर एक चित्र आहे. टोकदार टोपी घातलेला, पायांत मोजे असलेला एक परदेशी गृहस्थ हाती प्याला घेऊन बसला आहे, आणि भोवती सेवकवर्ग सिद्ध आहे. फर्ग्युसन या पंडिताने सन १८७९ मध्ये हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो असावा असा तर्क केला होता. ही चित्रे खुस्रोच्या आधीची ठरल्यामुळे तो तर्क आता मागे पडला आहे. परंतु चित्रातील प्याला काही खोटा ठरत नाही. सतराव्या लेण्यातही एक राजपुत्र आपल्या पत्नीस मद्याचे पात्र देत असल्याचे दृश्य आहे. ज्या भिक्षूंना मद्य वर्ज्य होते, त्यांच्याच निवासस्थानी चित्रकारांनी ही दृश्ये निःसंकोचपणे रंगविली, यावरून त्या काळच्या संपन्न वर्गात मद्यपान ही नित्याची गोष्ट होती असे मानावयास हरकत नाही.

त्याहून जुना पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा. त्यात सुराध्यक्ष नावाचा एक स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे, आणि मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे सहा प्रकार दिले आहेत. पैकी मेदकाची कृती पाहा: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबविण्याचे विरजण. धान्य, पाणी आणि विरजण! आजच्या बिअरचा सांगाडा याहून फारसा निराळा नाही. जवाच्या जागी तांदूळ, एवढेच. म्हणजे धान्य आंबवून पिणे ही कला आपणांस साहेबाने शिकविली, ही समजूत निराधार आहे.

परंतु माझ्या दृष्टीने याच प्रकरणातील आणखी एक नियम अधिक महत्त्वाचा. कौटिल्य हा काही ढिला कारभार करणारा नव्हे. मद्य कोठे विकावे, किती विकावे, दुकानात कोणी किती वेळ बसावे, हे सारे त्याने बांधून दिले आहे. तरीसुद्धा उत्सव, समाज आणि यात्रा या प्रसंगी चार दिवस मद्य करण्याची मोकळीक त्याने ठेविली, आणि कुटुंबातील लोकांनी प्रसंगापुरती सुरा अथवा औषधासाठी अरिष्ट करावयास मुभा दिली. सरकारने कर घ्यावा, पण लग्नकार्याच्या आणि देवाच्या दिवशी घरच्या मडक्याला हात लावू नये, हा विवेक दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रोकड्या राजनीतिज्ञालाही होता.

आता खानदेशाकडे वळू. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मधोमध तापीचे काळ्या मातीचे खोरे, अशी या प्रांताची रचना. डोंगराच्या पायथ्याशी व शेतांच्या बांधांवर मोहाचे झाड सर्वत्र दिसते. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडतात आणि पहाटेच्या वेळी पिवळसर पांढरी, गरदार फुले टपटप खाली पडू लागतात. झाडाखालची जागा आधीच झाडून, पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते. उन्हे वर येण्याच्या आत बायका आणि मुले टोपल्या भरून फुले वेचतात, ती उन्हात वाळवितात, आणि मनुकांसारखी सुरकुतली म्हणजे कणगीत भरून ठेवितात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. जवाच्या बिअरसाठी आधी धान्याला मोड आणून त्यातील पिठाची साखर करावी लागते. मोहाच्या फुलात निसर्गाने ती आयतीच भरून ठेविली आहे.

हे फूल म्हणजे केवळ दारूचे साहित्य, अशी शहरातील समजूत आहे. वस्तुतः ते आधी अन्न आहे. ते भाजून खातात, पिठात मिसळून भाकरी करितात, गुराला चारतात. बियांचे तेल काढतात. सन १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळासारख्या काळात डोंगरातील गोरगरिबांना ज्या रानमेव्याने तारले, त्यात मोहाचे स्थान मोठे होते. अशा झाडाला भिल्ल देवासमान मानतो, यात नवल ते काय?

याच फुलांना पाण्यात काही दिवस भिजत ठेविले म्हणजे ती आंबतात. मग ते मडके चुलीवर चढवून, वाफ नळीवाटे थंड पाण्यातील दुसऱ्या भांड्यात उतरविली की मोहाची दारू तयार होते. प्रथम जी निघते ती सर्वांत कडक. 'पहिल्या धारेची' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार तेथूनच आला. ही दारू विकत घ्यावयाची वस्तू नव्हती. सोयरीक ठरली, तंटा मिटला, पेरणी झाली, कोणी वारले, की मडके लागे. पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावाने, आणि उरलेली सर्वांमध्ये. आमचा बाबादेखील आधी चार थेंब मातीवर सोडी, आम्ही विचारले तर म्हणे, "जुन्या माणसांचे." भिल्ल समाज अगदी मिताहारी होता असे रंगविण्याचा माझा हेतू नाही. सणाच्या दिवसांत अतिरेक होई, भांडणे होत, डोकी फुटत. परंतु मडके संपले की सण संपे, आणि दुसरे मडके पुढच्या प्रसंगाची वाट पाही. फुलांचा साठा, झाडाचा हंगाम आणि बिरादरीचा डोळा, एवढे तीन लगाम त्या पिण्याला होते.

सन १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला. कॅप्टन ब्रिग्ज हा येथील पहिला पोलिटिकल एजंट. भिल्लांचा बंदोबस्त करण्यासाठी सन १८२५ मध्ये औट्रमने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारली, हे प्रसिद्ध आहे. तलवारीचा प्रश्न असा सुटला. मडक्याचा प्रश्न मात्र सरकारच्या ध्यानी सावकाश आला. तो आला तो तिजोरीच्या मार्गाने. सन १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. चार्ल्स प्रिचर्ड हा त्या धोरणाचा मुख्य शिल्पकार. घरोघरच्या व गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू एका मध्यवर्ती भट्टीत गाळावयाची, यंत्राने तिचा कडकपणा मोजावयाचा, त्या मापाने दर गॅलनला कर घ्यावयाचा, आणि मग ती परवाना दिलेल्या दुकानातूनच विकावयाची, अशी ही पद्धती. वर आणखी एक मेख होती: अमुक इतके किमान उत्पन्न सरकारास भरून देईन, अशी हमी मक्तेदाराकडून घेण्यात येई. म्हणजे खप कमी झाला तर खोट मक्तेदाराची. अशा मनुष्याने गिऱ्हाइकाला "आज पुरे, घरी जा" असे का म्हणावे?

श्रोतेहो, भाषा ही पुष्कळ वेळा दप्तराहून अधिक प्रामाणिक असते. 'गुत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. आज मात्र गुत्ता म्हटले की आपणांस दारूचे दुकानच आठवते. कराराचे नाव जागेला चिकटले, ते लोकांनी त्या जागेचे खरे स्वरूप ओळखले म्हणूनच. जेथे पूर्वी सण होता तेथे आता ठेका आला. सणाला तिथी असते, ठेक्याला नसते. दुकान रोज उघडे, आणि रोकड नसेल तर उधारी. मोहाच्या फुलांच्या बदल्यात आणि पुढच्या पिकाच्या भरवशावर पेला मिळू लागला, तेव्हा बिरादरीचा लगाम तुटला आणि कर्जाचा दोर गळ्यात पडला.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या बाबतीत तर सरकार याही पुढे गेले. सन १८९२ च्या मोहवा कायद्याने तेथे फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. आधी अन्न असलेली वस्तू घरात ठेवणे हा अपराध ठरू शकतो, ही कल्पना त्या कायद्याने रूढ केली. आमच्या बाबाचे मडके फुटले त्याच्या मुळाशी जाऊ लागले तर वाट या दिशेने जाते.

आता दुसऱ्या प्याल्याची, बिअरची, हकीकत. ती हिंदुस्थानात आली ती गोऱ्या शिपायासाठी आणि कंपनीच्या नोकरासाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची बिअर जहाजातून इकडे येत असे, आणि सन १८२० नंतर बर्टन गावच्या कारखानदारांनी हा व्यापार हस्तगत केला. लांबच्या सागरी प्रवासास उपयुक्त म्हणून तीत हॉपची कडू फुले अधिक घालीत. 'इंडिया पेल एल' हा प्रकार त्यातून नावारूपास आला. आज मुंबई-पुण्याचा तरुण ज्या कडवटपणाला आपली खास आवड म्हणतो, तो कडवटपणा असा मूळचा गलबतावरील गरजेतून जोपासला गेलेला आहे! पुढे १८५५ च्या सुमारास एडवर्ड डायर याने कसौलीच्या थंड हवेत कारखाना काढला, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याजवळ दापोडी येथेही लष्करासाठी बिअर तयार होऊ लागली.

खानदेशात मात्र हे पेय रुजणे अवघड होते. येथे ना जव, ना हॉप, ना थंडी. लागर आंबविण्यास गारवा लागतो आणि पिण्यासही. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे झाल्यावर विलायती बाटली या मुलखात सुलभ झाली खरी, पण ती सर्वसाधारण माणसाच्या हाती पडली ती पुष्कळ पुढे, वीज आणि बर्फ गावोगाव पोचल्यावर. म्हणजे जामनेरच्या माणसाची बिअरची आवड ही मूलतः शीतपेटीची देणगी आहे असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही. मुद्दा इतकाच की या बाटलीला प्रथमपासून राज्यकर्त्यांच्या टेबलाची प्रतिष्ठा होती, आणि मडक्याला प्रथमपासून चोरीचा वास लावण्यात आला. दोन्ही पेये आंबलेल्या साखरेचीच. पैकी एक 'विदेशी मद्य' या सदरात गेले आणि दुसरे 'हातभट्टी' या नावाने बदनाम झाले.

या साऱ्याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. सन १८८० मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद या नात्याने दारूच्या वाढत्या दुकानांबद्दल लेखी तक्रार केली. सन १८८९ मध्ये खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानच्या अबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव संमत झाला. सन १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधने झाली आणि टिळकांनी त्यांची पाठ राखली. सन १९१९ मध्ये गडकऱ्यांचा 'एकच प्याला' रंगभूमीवर आला आणि मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे दारूचे चित्र कायमचे उभे राहिले. परंतु ते चित्र सुधाकर वकिलाचे होते, शहरातल्या शिकलेल्या घराचे होते. डोंगरातील पिणाऱ्याला त्याच्या पिण्याविषयी काय वाटते, हे कोणी विचारले नव्हते.

त्याने ते आपण होऊन सांगितले. सन १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्ह्यात आणि लगतच्या डोंगराळ मुलखात एक विलक्षण लाट उसळली; ती खानदेशाच्या बाजूसही आली. लोकांच्या अंगात देवी येऊ लागली, आणि त्या देवीचा आदेश असा की दारू आणि ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, गुत्तेदाराकडे पाऊल टाकू नका. हजारो लोकांनी ते मानले. कोणी पुढारी शहरातून उपदेश करावयास आला नव्हता. मागाहून गांधीवादी कार्यकर्ते तेथे पोचले.

पुढे सन १९३७ च्या सुमारास पश्चिम खानदेशात, तळोद्याजवळच्या मोरवड गावी, गुलाम महाराज नावाच्या भिल्ल साधुपुरुषाने असाच मार्ग दाखविला. दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि परस्परांना 'आप' म्हणून वंदन करा. यावरून त्याला आपधर्म असे नाव पडले. जन्मभर ज्यांना सावकार आणि शिपाई 'अरे' 'तुरे' करीत आले, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणावे, यातील तेज ज्याला समजेल त्यालाच दारूबंदी या शब्दाचा खरा अर्थ समजेल. आरतीसाठी डोंगरातून माणसांची रीघ लागे. सन १९३८ मध्ये महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालविले.

या दोन चळवळींकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. कारण सबंध कहाणीत 'आवड' हा शब्द जर कोठे पूर्ण अर्थाने वापरता येत असेल, तर तो येथे. ज्या माणसाने पिढीजात गोडीची वस्तू, तिच्यामागून आलेला ठेका आणि कर्ज ओळखून, स्वतःच्या समाजात बसून, स्वतःच्या देवतेच्या नावाने सोडली, त्याने खरी निवड केली. त्याच्यावर ती कोणी लादलेली नव्हती.

लादलेली दारूबंदी नंतर आली. सन १९३९ च्या १ ऑगस्टला खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात ती सुरू केली; सन १९४९ च्या कायद्याने पुढील वर्षी ती सर्व राज्यभर पोचली. हेतू शुद्ध होता, आणि त्यामागे फुले-टिळक-गांधींची पुण्याई होती. परंतु कायदा राबविणारा हात जुनाच राहिला. ज्याला अर्ज लिहिता येत होता आणि डॉक्टरचा दाखला मिळविता येत होता, त्याला परवान्याची वाट मिळाली. ज्याला येत नव्हता त्याचे मडके फुटले. सन १९६० नंतर हे निर्बंध क्रमाक्रमाने सैल झाले, आणि आज राजरस्त्यांच्या कडेला बिअरच्या पाट्या झळकतात. तरीही विदेशी मद्य पिण्यास आपल्या राज्यात कायद्याने परवाना लागतो, हे त्या मद्याच्या पुष्कळ रसिकांना ठाऊकही नसते. त्यांना तो कोणी विचारीत नाही. बाबाला मात्र विचारला होता.

बाबा काही दिवसांनी परत आला. त्याने पुन्हा मडके लावले नाही. वडिलांनी एकदा त्याला शाबासकी दिली की, बरे झाले, सोडलीस. तो म्हणाला, "सोडली नाही मालक, फोडली." वडील गप्प राहिले. त्या दोन शब्दांतील अंतर म्हणजेच मी आज आपल्यापुढे मांडलेला शंभर वर्षांचा इतिहास होय.

तेव्हा यापुढे यादीतील एखाद्या पेयावर बोट ठेवून "ही माझी आवड" असे कोणी म्हणेल, किंवा "मी या वाटेला जात नाही" असे कोणी अभिमानाने सांगेल, त्याने क्षणभर थांबून एवढेच स्मरावे की निवड करण्याची मोकळीक हीच मुळात एक मिळकत आहे, आणि ती सर्वांच्या वाट्यास सारखी आलेली नाही. आमच्या शेताच्या बांधावरचे मोहाचे झाड अजून उभे आहे. चैत्रात पहाटे त्याखाली फुलांचा सडा पडतो. तेवढ्यापुरता तरी त्याला कोणाचा परवाना लागत नाही.